बारा महिन्यांच्या विश्लेषणातून गळलेल्या एकतीस रुग्णांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
रुग्णसुरक्षा समिती

विषय : श्वसनविकारावरील नव्या गोळीची चाचणी तूर्त थांबवण्याबाबत.
संदर्भ : चाचणी पुढे चालू ठेवण्याचे आपले मागील महिन्याचे पत्र.

महोदय,

१. मी या चाचणीची संख्याशास्त्रज्ञ आहे. दोनशे चाळीस रुग्णांपैकी निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. दोन वर्षे, दर तीन महिन्यांनी श्वासाची तपासणी. आकड्यांत वारंवार डोकावले तर योगायोगच निकाल वाटू लागतो, म्हणून मध्ये, बारा महिन्यांनी, एकदाच पाहायचे ठरले होते. त्यात नवी गोळी सरस दिसली.

२. त्या वेळी एकतीस रुग्ण गैरहजर होते. नोंदीत त्यांच्यापुढे 'संपर्क नाही' एवढेच. आलेल्यांसारखीच त्यांचीही प्रकृती असेल, असे धरून मी रकाने भरले. हा नियम माझाच होता.

३. अहवाल गेल्यावर मला दिसले, की त्यांतले चोवीस नव्या गोळीचे आहेत. मी परिचारिकाबाईंना सगळ्यांच्या घरी फोन करायला लावले व शेजारी बसून राहिले. जुन्या गोळीचे सातही जण बरे निघाले; त्यांना फेऱ्यांचा कंटाळा आला होता. चोवीसपैकी नऊ जण वारले आहेत. अकरा अंथरुणाला खिळले आहेत. चौघांकडे कुणी फोन उचलला नाही. एका आजींच्या सूनबाई म्हणाल्या, "तीन जिने उतरण्याइतका दम असता, तर आणलं नसतं का हो त्यांना? तुम्ही आज विचारताय!" परिचारिकाबाईंनी फोन ठेवला, आजींच्या नावापुढे ते लिहून घेतले आणि पुढचा नंबर लावला.

४. मी हे प्रमुख डॉक्टरांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "मध्येच नियम बदलले तर आपल्या निकालावर कोण विश्वास ठेवील? वर्षअखेर बघू." नियमाबाबत ते चुकीचे नाहीत, एरवी मीही हेच म्हटले असते. परंतु मृत्यूचा रकाना अंदाजाने भरता येत नाही.

५. सबब, खऱ्या नोंदींवर विश्लेषण नव्याने व्हावे, तोवर नवी गोळी बंद ठेवावी आणि नऊ घरांना लेखी कळवावे, ही विनंती.

६. सोमवारच्या गोळ्या वाटायच्या का, असे बाईंनी काल विचारले. मी कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. मला तसा अधिकार नाही. कारवाई करायची झाल्यास ती माझ्यावर करावी, बाईंवर नको. पण किल्ली मी समितीखेरीज कुणाच्याही हाती देणार नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
संख्याशास्त्रज्ञ
शनिवार, दि. १४

सोबत : एकतीस फोनची नोंद, माझ्या मूळ अहवालाची प्रत, चुकीच्या ओळी अधोरेखित करून.