सहा भाकऱ्या

अण्णा, आज सकाळी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड नॉर्मल आहे आणि वजन गेल्या वर्षीपेक्षा सहा किलोनं जास्त. डॉक्टर नवीन, माझ्या मुलापेक्षाही लहान. त्यानं विचारलं, "काकू, संध्याकाळी काय खाता?" मी सवयीनं म्हणाले, "मला थायरॉइड आहे ना." तो रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाला, "ते गोळीनं ताब्यात आहे. हे वजन खाण्याचं आणि बसून राहण्याचं आहे." बरोबर बोलला. रिटायर झाल्यापासून चारच्या चहाला बाकरवडी लागते आणि ती दोनावर थांबत नाही. कुणी टोकलं की मी थायरॉइडची ढाल पुढे करते, आणि सोसायटीत सगळ्यांना ते पटतं. पण त्या पोरानं काट्यावर उभं राहायला सांगितलं तेव्हा मी न सांगता आधी चपला काढल्या. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी साठीला टेकले, तरी काट्यावर पाय ठेवताना मी अजून तुमचाच चेहरा शोधते.

बाजार खाडीपलीकडून वाशीला आला आणि त्याच्या मागोमाग आपणही आलो. कांदा-बटाट्याच्या बाजारात तुम्ही मापाडी होतात. शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधोमध उभं राहून गोणीचं वजन सांगायचं, आणि तुम्ही आकडा बोललात की दोघांनीही मान हलवायची. जुन्नरकडचे शेतकरी गाडीतून उतरायच्या आधी "मास्तर आलेत का?" म्हणून तुमची चौकशी करायचे, असं हमाल सांगत. एखादी गोणी आकारापेक्षा भारी भरली की तुम्ही तिचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत घालायचात. कधी ओल लागायची, कधी माती. "काटा किती त्ये सांगतो, कशानं त्ये हाताला कळतं," हे तुमचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. तुम्हाला खोटं खपत नसे, आणि तुमच्या काट्यासमोर कुणी खोटं बोलू शकतं, हे तुम्हाला पटतही नसे.

आठवीचं वर्ष संपत आलं तेव्हा माझं अंग सुटायला लागलं. चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांच्या पापण्या जड, आवाज घोगरा. वर्गात भूगोलाच्या तासाला मी बाकावर डोकं ठेवून झोपले आणि बाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. त्याच आठवड्यात मी तुमचा डबा घेऊन बाजारात आले होते. तुम्ही डबा घेतला नाहीत. म्हणालात, "चपला काढ. ऱ्हा उभी." समोर गोण्यांचा काटा. चार हमाल पाठीवरचे रुमाल सोडून बघायला थांबले. अठ्ठावन्न किलो. एकजण हसत म्हणाला, "मास्तर, ही तर गोणीला भारी निघाली." तुम्ही हसला नाहीत. त्याला गप्पही केलं नाहीत. मी काट्यावरून उतरले तेव्हा चपलेत पाय जाईना. अण्णा, त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे. इतकी वर्षं मी तो तुमच्यासमोर कधी काढला नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मला नीट तपासलंसुद्धा नाही. "वाढतं वय आहे, खाणं कमी करा, चालवा," एवढं सांगितलं, आणि तुम्हाला तेवढं पुरलं. मला दिवसाला एक भाकरी. भात बंद, गूळ बंद. पहाटे तुमच्याबरोबर कोपरखैरण्याच्या रस्त्यानं जाऊन येणं. दोन्ही बाजूंना चिखल आणि तिवरं, तुम्ही पुढे, मी मागे धापा टाकत. मे महिन्यात सगळी वाशी घामानं निथळत होती आणि मी आईची जुनी शाल पांघरून बसायचे. मी म्हणायचे, "अण्णा, थंडी वाजतेय." तुम्ही म्हणायचात, "आळसाला थंडी वाजतीया." आईनं एकदा भीत भीत सुचवलं की मोठ्या दवाखान्यात दाखवू या. तुम्ही म्हणालात, "हातच्या काकणाला आरसा कशाला? काटा सांगतोय की." आणि मग म्हणालात: "दिवाळीपातूर उतरली नाय तर शाळा बंद. घरात राबली की हाडं हलतील."

रविवार आहे. बाजाराला सुट्टी. बंद गाळ्यात कांद्याच्या सालांचा वास कोंडलेला आहे आणि दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी काट्यावर पडली आहे. तुम्ही आधी काट्यावर वीस किलोचं माप ठेवून काटा बरोबर आहे का ते बघता. मग मला बोलावता. मी श्वास आत ओढून धरते, त्यानं काय व्हायचंय ते मलाही माहीत आहे. साठ. पुढच्या रविवारी एकसष्ट. त्याच्या पुढच्या रविवारी साडेएकसष्ट. तुम्ही ओरडत नाही. परतीच्या वाटेवर मी मनात दिवाळीला किती रविवार उरले ते मोजत चालते.

त्या साडेएकसष्टच्या रविवारी तुम्ही घरी येऊन ताट ढकललंत. आईला म्हणालात, "तू चारतीस हिला. माझ्या माघारी." आई कधी उलट बोलायची नाही. त्या दिवशी तिनं स्टो बंद केला, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "मग मोजा. पोरीला मोजताय तसं घर बी मोजा. पीठ मोजा, तांदूळ मोजा, गूळ मोजा. रोज मोजा. काय कमी भरलं तर मी माहेरची वाट धरते." दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून पितळी तराजू घरी आणलात.

पुढचे चार आठवडे आपल्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पहाटे बाजाराला निघण्यापूर्वी तुम्ही सगळे डबे तोलायचात आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा. दिवसाला सहा भाकऱ्यांचं पीठ ठरलेलं: तीन तुमच्या, दोन आईच्या, एक माझी. पीठ बरोबर भरायचं. गुळाचा खडासुद्धा जागचा हलला नव्हता. खाऊला पैसे मला कधी मिळायचेच नाहीत, आणि तरी तुम्ही शाळेबाहेरच्या गाडीवाल्याला जाऊन विचारून आलात. तो म्हणाला, "ती जाडी मुलगी ना? ती कधी येतच नाय, साहेब." आई त्या महिन्यात वाळली. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायच्या. तुम्ही शेजारच्या काकांना म्हणालात, "पोरीच्या काळजीनं वाळली बिचारी."

चौथ्या रविवारी मी काट्यावर उभी राहिले. त्रेसष्ट. तुम्ही मला उतरवलंत, वीसचं माप ठेवलंत, बघितलंत, काढलंत. स्वतः उभे राहिलात. पुन्हा मला उभं केलंत. त्रेसष्ट. तुम्ही रिकाम्या गोण्यांच्या ढिगावर बसलात. मला वाटलं, झालं, शाळा संपली. मग तुम्ही म्हणालात, "घर बरोबर भरतंय. काटा बरोबर हाय. मग ह्ये येतंय कुठनं?" आणि हात पुढे करून तुम्ही माझं पाऊल धरलंत. गोणीत हात घालायचात तसंच, डोळे दुसरीकडे ठेवून. तुमचा हात दचकला. "पाय एवढं गार का गं तुजं?" मी म्हणाले, "मी सांगत होते ना, अण्णा." दोन्ही हातांत ते पाऊल धरून बसून राहिलात.

दुसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस बुडवून, तुम्ही मला बसनं खाडीपलीकडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलंत. डॉक्टरीण बाईंनी माझा गळा चाचपला, मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं आणि सावकाश जागेवर आलं. त्यांनी विचारलं, "थंडी वाजते?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हीच उत्तर दिलंत, "मे महिन्यात शाल घेऊन बसायची." तुमचा आवाज तसा पडलेला मी आधी ऐकला नव्हता. रक्ताचा रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. मग बाईंनी सांगितलं की गळ्यातली ग्रंथी कामच करत नाहीये, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, बहुतेक जन्मभर. "उपाशी ठेवून ही बारीक होणार नव्हती," त्या म्हणाल्या. "अशीच ठेवली असतीत तर एक दिवस झोपेतून उठली नसती." तुम्ही विचारलंत, "बाई, यात आजाराचं किती आणि खाण्याचं किती?" त्या जरा हसल्या. "असं वेगळं काढून तोलता येत नाही, बाबा. गोळीनं अंगातलं पाणी उतरेल. बाकीच्यासाठी पोटभर जेवू द्या आणि चालू द्या." ते उत्तर तुम्हाला आवडलं नाही, हे मला तुमच्या तोंडावरून कळलं.

माफी तुम्ही मागितली नाहीत. त्या संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गुळाचा खडा तुम्ही माझ्यासमोर ठेवलात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. आईनं विचारलं, "किती हाय हा?" तुम्ही बाहेरूनच म्हणालात, "मोजला नाय." तुमच्या तोंडून हे मी आयुष्यात एकदाच ऐकलं. दिवाळी झाली, मी शाळेतच होते. उन्हाळ्यापर्यंत शाल पेटीत गेली, आवाज परत आला, भूगोलाच्या तासाला मी जागी राहिले. आणि तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. हमालांना, शेतकऱ्यांना, माझ्या सासरच्यांना. "डॉक्टरला कळलं नाय, पण काट्यानं माझी पोर वाचवली. घर मोजलं, बरोबर भरलं, तवा वळखलं का ह्यो आजार हाय." शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सलाही तुम्ही हेच सांगितलंत. मी उशाशी उभी होते. मी मान हलवली.

आता ते सांगते, जे आईनं मला कधीही सांगू नको म्हणून गळ्याची शपथ घातली होती. आता तीही नाही. डबे मोजायला लागल्यावर तुम्ही ताटांकडे बघायचं सोडलंत, अण्णा. सहा भाकऱ्यांचं पीठ रोज बरोबर भरायचं, कारण भाकऱ्या सहाच होत्या. फक्त आईच्या दोनातली एक दुपारी माझ्या ताटात यायची. ती काळजीनं वाळली नव्हती, उपासानं वाळली होती. जाड दिसली तिला तुम्ही खादाड समजलात आणि वाळली तिला काळजीनं खंगलेली, आणि तिच्या वाटचं खाणारी मी होते. एका भाकरीनं माणूस असं फुगत नाही, आजार खराच होता. पण ती भाकरी तुम्हाला दिसली असती तर तुम्ही म्हणाला असता, सापडलं. मग तुम्ही माझ्या पायाला हात लावला नसता, आणि आपण खाडी ओलांडून गेलोच नसतो. मोजणं असंच संपेल हे आईला आधीच कळलं होतं, का ती नुसती माझी भूक भागवत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. काट्यावर तिला कुणीच उभं केलं नाही.

हे पत्र कुठे टाकायची सोय नाही, आणि असती तरी मी ते टाकलं नसतं. ती एक गोष्ट तुम्ही किती अभिमानानं सांगायचात. पण माझी एक गोष्ट मला मनात ठेवता येत नाही. पहिल्या दिवशी आईनं तिची अर्धीच भाकरी दिली होती. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसापासून मी मागून घेतली.