बाटलीभर गोडेतेल

दादा,

तू आंदण दिलेली चांदी गाय डॉक्टरांच्या इंजेक्शनने मेली नाही. हे एक वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले.

ओला लसूणघास खाऊन तिचं पोट फुगलं होतं. डॉक्टर यायच्या आत मी तिची मान वर केली, जीभ बाहेर ओढून धरली आणि बाटलीभर गोडेतेल घशात ओतलं. ती ठसकत होती, तरी ओतत राहिले. पोट उतरलं, पण दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली, नाक वाहायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, काही पाजलंय का?" शेजारी सासूबाई उभ्या होत्या. मी "नाय" म्हणाले.

इंजेक्शन देऊन जाताना ते हळूच बोलले, "जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. तेल फुप्फुसात जातं." त्यांनी ओळखलं होतं, पण चारचौघांत बोलले नाहीत.

त्याच रात्री चांदी गेली आणि तू इंजेक्शनला दोष देऊन त्यांच्यावर तक्रारीचा अर्ज लिहून ठेवलास. मी गप्प, कारण खरं सांगितलं तर तेही सांगावं लागेल की माहेरी विंचूरला आपल्या गोठ्यात मान तू धरायचास आणि बाटली माझ्या हातात द्यायचास.

इथवर लिहिलं आणि वहिनीचा फोन आला. तुमची कालवड फुगलीय, तू दुकानात तेल आणायला गेलायस. मी म्हटलं, "पाजू देऊ नको. त्याच डॉक्टरांना बोलाव."

"तुझे दादा ऐकणार हायेत का? काय सांगू त्यांना?"

"सांग, चांदीला मी मारलं."

आता हे पत्र कशाला पाठवू?

योगिनी