नापास इटा

४ फेब्रुवारी १९६१, बाभुळगाव
दवाखान्याच्या नव्या बाळंतखोलीवर मले मिस्त्री नेमलं. ओव्हरसियर साहेब नवे हायेत, यवतमाळहून आलेले. म्हणाले, "विटा पारखायचं काम तुमचं. तुम्ही पास म्हटलं तरच भिंतीत जातील." कोनाच्या इटा, इचारलं. बापूशेठच्या भट्टीच्या.
थापी खाली ठेवली. चार वर्सं या दिवसाची वाट पाहून राह्यलो होतो. त्याचं नाव यापुढं पुरं लिहायची इच्छा नाई. बा. म्हणूनच लिहीन.

५ फेब्रु.
बायकोले, राहीले सांगतलं. भाकर थापत होती, हात थांबला नाई. "मंग?" एवढंच.
चार वर्सांआधी मी बांधत होतो ते शाळेची भिंत पडली तवा ती चुन्याचं घमेलं घेऊन खालीच उभी. डावा पाय तवापासून वाकत नाई. इटा बा.च्या, अर्ध्या कच्च्या, बोटानं चुरा होत. मी त्याले दोनदा म्हनलं होतं. चौकशीत उभा राहून म्हणते कसा, "इटा पक्क्याच होत्या. गवंड्यानं भिजवल्याच नाईत, कोरड्या लावल्या. नागपूरले बौद्ध दीक्षा घेऊन आल्यापासून याचं कामात मनच नाई." साऱ्यांनी माना हलवल्या. तीन वर्सं मले कोनी भिंतीले हात लावू देला नाई. बायको लंगडी, न दोष माहा.

११ फेब्रु.
पहिल्या गाड्या आल्या. दोन इटा एकमेकीवर मारल्या, भांड्यावानी खणखण. नखाचा ओरखडा उठत नाई. छातीएवढ्या उंचीवरून सोडली, कोपरा बी उडाला नाई. पाच-सहा इटा पाण्यात टाकून ठेवल्या.

१२ फेब्रु.
काढल्या. वजन जरासंच वाढलं, म्हंजे पाणी पेल्याच नाईत. फोडून पाह्यल्या, आतून सारख्या लाल. एवढी चांगली ईट मी या तालुक्यात पाह्यली नाई. म्हंजे त्याले चांगली भाजता येत होती तर! राग अजूनच...
साहेबाच्या वहीत लिहिलं: कच्च्या. नापास. खाली सही.
साहेबानं पुरतं वाचलं बी नाई. "तुमच्यावर विश्वास आहे मिस्त्री."


१४ फेब्रु.
बा. आला. डोक्याचा रुमाल हातात. म्हातारा दिसाले लागला. एक ईट उचलून माह्या तोंडापुढं धरली.
"सदाशिव, हे कच्ची हाय?"
"वहीत लिहिलं हाय."
"तुले माहीत हाय काय हाय ते."
"तुमाले बी माहीत होतं. चार वर्सांआधी."
गाड्या भरून परत नेल्या. घरी येऊन पोटभर जेवलो.

२ मार्च
साहेबानं दुसऱ्या भट्टीचा माल आणला. नाल्याकाठची खारी माती. वाजवली तर भद्द आवाज. म्हनलं, या बी नापास. साहेब भडकले. "एक माल तुम्हीच परत पाठवला. पावसाच्या आधी छत टाकायचं आहे. आता याच लावा."
इटा हौदात भिजत टाकल्या.

९ मार्च
इटा सुकल्या का अंगावर मिठावानी पांढरा लोणा फुटते. काही तर हौदातच विरघळल्या. भिंत गुडघ्याएवढी आली. ओळंबा सरळ, चुना-सुरखी चांगली, थर सारखे. वरून गिलावा झाला का कोनी नाव ठेवणार नाई. इथं बाया बाळंत होतीन. लेकरं निजतीन भिंतीले लागून.

१० मार्च
राहीले सारं सांगून टाकलं. वहीत खोटं लिहिलं ते बी.
"कोनासाठी केलं?"
"तुह्या पायासाठी."
"मले इचारलं होतं?" "मले त्याच्या इटा परत जाऊन काय भेटलं? तो माह्यापुढं उभा राहून खरं बोलला पाह्यजे होता."
भिंतीचा आधार घेऊन उठली न आत गेली.

१३ मार्च
बा.च्या भट्टीवर गेलतो. परत नेलेल्या इटा तशाच रचून ठेवल्या होत्या. म्हनलं, त्या इटा पाह्यजेत.
"आधी लिहून दे. इटा चांगल्या होत्या, तूच खोटं लिहिलं."
"देतो. तुमी बी लिहा, शाळेच्या इटा कच्च्या होत्या. न राहीपुढं येऊन बोला."
हसला. "ते भिंत केव्हाचीच लोकायनं उचलून नेली. कायचा पुरावा हाय तुह्याजोळ?"
हातात ईट होती. त्याच्या कपाळाकडं पाह्यलं. ईट जागेवर ठेवली न निघून आलो.

१४ मार्च
सकाळी हातोडा घेतला न भिंत पाडली, माही मीच. मजूर पाहतच राह्यले. साहेब धावत आले. त्याईच्या हातात कागद देला: बापूशेठच्या इटा पास होत्या, मी खोटं लिहिलं. त्याचं नाव पुरं लिहावं लागलं.
या खेपेले साहेबानं पुरतं वाचलं. "काम जाईल तुमचं."
"जाऊ द्या."
"का केलंत असं?"
शाळेपासून सारं सांगतलं. म्हणाले, "तुम्ही एकदा खोटं लिहिलंत. आता यावर कसा विश्वास ठेवू? सोमवारी त्यांनाही बोलावतो. समोरासमोर होऊ द्या."

१५ मार्च
कामावर जाऊ नका म्हणून निरोप आला. घरीच.
राही म्हणे, "सोमवारी मी बी येते. त्याच्या डोळ्यापुढंच बसते." उन्हात तेवढं चालणं तिले होत नाई. बैलगाडी सांगून ठेवली.
बा. येते का नाई, आला तर काय बोलते, कोनाले माहीत. माहं मी लिहून देलं. त्याचं त्याच्या तोंडून घेतल्याशिवाय त्याले सोडत नाई.