चढावर गाडी बंद

४ मार्च, सोमवार

लिहायचं लिहायचं म्हणता अडीच महिने गेले. वही घेतली तेव्हा ठरवलं होतं, रोज एक पान. आजवरची प्रगती — पहिल्या पानावर दोन रेघा आणि ग्रीसचा अंगठा. अंगठासुद्धा धड उमटलेला नाही.

कारणं भरपूर आहेत. पेन हरवलं. पेन सापडलं तर वही सीटखाली गेली. वही सापडली त्या दिवशी समोरच्या अंगणात एक माणूस कुत्र्याला सायकलच्या टोपलीत बसायला शिकवत होता. ते बघण्यात संध्याकाळ गेली. कुत्रा शेवटपर्यंत बसला नाही. मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

आज लिहितेय, कारण आज गाडीतून वास आला.

गाडी म्हणजे आत्याची पिकअप. एकोणीस वर्षं तिनं स्वतः चालवली. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि किल्ली माझ्याकडे आली. माझ्याकडे! दहावीत शाळा सोडलेली, फोटो स्टुडिओ, अंड्यांची पोल्ट्री, कुरियर, गाद्यांचं दुकान असं करत अकरा नोकऱ्या सोडलेली मी. किल्ली देताना आत्या म्हणाली, "ही बारावी. मासळीचा हंगाम संपेपर्यंत गियरबॉक्स जपलास तर गाडी तुझी. बिघडवलास तर किल्ली पोस्टानं पाठव. स्वतः येऊ नकोस."

फार प्रेमळ बाई आहे.

काम सोपं आहे. सकाळी कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या, भुसा टाकायचा, गोणपाट झाकायचं, अडतीस किलोमीटर चढायचं आणि वरच्या तळ्यावर मासळी केंद्रात उतरवायच्या. बर्फ वेळेत गेला नाही तर मासळी जाते. बस्स.

आणि हो, एक बारीकशी गोष्ट आत्याला सांगायची राहिलीय. मी टायर बदललेत. एकोणतीस इंची काढून तेहतीस इंची घातलेत. कारखान्याच्या मालकांना, म्हणजे बर्फवाल्या काकांना, कारण सांगितलं, शेवटच्या दोन किलोमीटरला चिखल आहे. खरं कारण — जुन्या टायरांवर गाडी कारकुनासारखी दिसायची. आता पैलवान दिसते.

पैलवान जिना चढताना धापा टाकतो, ते मागाहून कळलं.

५ मार्च, मंगळवार

ही गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाहीच, गियर तिचे तीच बदलते. म्हणजे बदलायची. हल्ली नुसता विचार करते. चढ लागला की चौथा घेते — छे, जड जातंय, तिसरा. तिसऱ्यात जरा सावरली की पुन्हा चौथा. की लगेच तिसरा. चपलांच्या दुकानात माझी मावशी असंच करते. तीन तास, आणि शेवटी अनवाणीच बाहेर. प्रत्येक वेळी इंजिन ओरडतं, गाडीला हिसका बसतो, मागे लाद्या एकमेकींवर दात खातात.

निघतानाही तसंच. पाय दाबला की आधी जांभई देते, मग उठते.

आणि काटा! मी आपली खूश होते की मी किती शहाणी झालेय, चाळिसाच्या वर जात नाही. आज रस्त्याकडेच्या वेग दाखवणाऱ्या पाटीनं सेहेचाळीस दाखवले. मला वाटलं पाटी बिघडली. मागच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, "ताई, टायर मोठा की काटा खोटा." गाडीला बिचारीला माहीतच नाही तिचे पाय वाढलेत. ती जुन्याच हिशोबानं पावलं मोजतेय.

६ मार्च, बुधवार

वास वाढला. करपलेल्या पावासारखा.

ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेवर आत्याच्या अक्षरात एक नंबर आहे — 'मिस्त्री'. आत्याच्या गावचा. लावला. पलीकडे कुणी पत्रा ठोकत होतं, कुणी शिव्या देत होतं, कुणी दोन्ही. मिस्त्री ओरडूनच बोलत होता. मीही ओरडून सगळं सांगितलं. तेहतीस इंच ऐकल्यावर त्यानं कुणाला तरी सांगितलं, "अरे थांब रे जरा, इथं एक हुशार भेटलीय."

मग समजावलं. टायर मोठा म्हणजे चाकाच्या एका फेरीत जास्त अंतर. म्हणजे जिन्याच्या पायऱ्या उंच केल्या. "पायरी वाढली, पाय तेवढेच. चौथ्या गियरला ती पायरी झेपत नाही, म्हणून खाली येतो. पुन्हा जातो. या ये-जा करण्यात आतलं ऑइल तापतं. तापलं की करपतं. कळलं?"

"कळलं. मग करू काय?"

ठणठण. धाड. कुणीतरी हसलं. मग मिस्त्रीचा आवाज — "चढावर गाडी बंद कर! ऐकतेस ना? चढ लागला की गाडी बंद!"

विचित्र वाटलं. पण ते मिस्त्री. मी अकरा नोकऱ्या सोडलेली.

९ मार्च, शनिवार

आज्ञाधारकपणाचा तिसरा दिवस. चढ लागतो. गियरची ये-जा सुरू होते. मी गाडी कडेला घेते, बंद करते, चाकामागे दगड लावते आणि वीस मिनिटं निसर्ग बघते. मग पुन्हा पाच किलोमीटर. मग पुन्हा निसर्ग. इतका निसर्ग मी आयुष्यात बघितला नव्हता. मागून बर्फाचं पाणी टपटपत असतं.

रस्त्यावरच्या सगळ्यांची आता ओळख झालीय. वाळूचा ट्रकवाला रोज काच खाली करतो. "काय ताई, सहल?" काल म्हणाला, "आज डबा नाही आणला?"

वर केंद्रात काटेबाई आहे. वजनकाट्यावर बसते म्हणून काटेबाई आणि बोलते म्हणूनही. आज तिनं लाद्या काट्यावर चढवल्या, आकडा बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला.

"पाणी आणायचं असतं तर सांगायचं. इथं तळं आहे की आमच्याकडे."

मी म्हटलं, गाडीला विश्रांती द्यावी लागते.

"तिला कशाला? चढते कुठं ती!"

१२ मार्च, मंगळवार

चारदा बंद केली. वाळूवाल्यानं आज खरंच डबा दिला. खाल्ला.

१५ मार्च, शुक्रवार

चमत्कार! लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

पायथ्याशी पाण्याची बाटली सीटखाली घरंगळली. ती काढायला वाकले तेव्हा गुडघा गियरच्या दांड्यावर आपटला. दांड्याला बाजूला एक छोटंसं बटण आहे, ते दाबलं गेलं असणार. समोर पिवळा दिवा लागला. दिव्यात इंग्रजी अक्षरं, अर्धी पुसलेली. माझं इंग्रजी आधीच अर्धं पुसलेलं, तेव्हा दोघांचं मिळून काहीच लागलं नाही. घाबरून थांबावं म्हटलं तर मागे बस. वळणावळणाचा चढ, थांबायला जागा नाही. गेले तशीच.

तर गाडी चढली! तिसऱ्यात बसली ती बसलीच. ना हिसका, ना ओरडा. इंजिन जरा चढ्या आवाजात, पण एका सुरात. एकदाही बंद केली नाही, कारण ये-जा झालीच नाही. काटेबाईनं आकडा बघितला, मग घड्याळ, मग मला. म्हणाली, "दुसरी कुणी आलीय की काय?"

पण दिवा तो दिवाच. पिवळा दिवा म्हणजे बिघाड, एवढं तर कळतंच. वर पोचल्याबरोबर बटण पुन्हा दाबलं. दिवा गेला. आता बटणावर चिकटपट्टी लावलीय, चुकून लागायला नको.

आपण किती जपतो गाडीला! आत्याला कळायला हवं.

२० मार्च, बुधवार

विनोद नाही आज.

नेहमीप्रमाणे बंद केली, नेहमीप्रमाणे सुरू केली. दांडा मागे ओढला, पाय दाबला — इंजिन गुरगुरलं, गाडी जागची हलेना. मग अचानक धक्का देऊन निघाली. पुन्हा सुटली. असं करत करत तीन तास उशिरा पोचले.

काटेबाई बोलायला उठलीच नाही. नुसतं बोट दाखवलं. भिंतीला लावून आठ टोपल्या. पहाटे पाण्यात उतरलेल्या माणसांची सबंध सकाळ त्यात होती. वास ओळखीचा नव्हता, पण कळला. दोघं जण टोपल्या उचलून मागे खड्ड्याकडे नेत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. काटेबाईनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

केंद्राच्या पायरीवर बसून मिस्त्रीला फोन लावला. पहिल्यांदाच पलीकडे शांतता. म्हणाला, वीज गेलीय, सगळे झोपलेत.

मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही सांगितलं तसंच करतेय. रोज चढावर गाडी बंद करते. तरी बघा."

"काय करतेस?"

"गाडी बंद. चढावर. तुम्हीच म्हणालात."

"गाडी? अगं, ओडी! ओडी म्हटलं मी! ओ — डी! ओव्हरड्राइव्ह! दांड्याला बटण आहे बघ बाजूला. ते दाबलं की चौथा गियर बाद होतो, तिसऱ्यात राहते. चढावर ओडी बंद कर म्हटलं होतं, ओडी!"

मी चिकटपट्टीकडे बघत बसले. गाडी खाली उभी होती, मी पायरीवर होते, तरी मला ती दिसत होती.

"आणि तापल्यावर गाडी बंद करायचीच नाही गं. इंजिन चालू ठेवून उभी केलीस तर ऑइल फिरून थंड होतं. बंद केलीस की जिथल्या तिथं शिजतं. किती दिवस करतेयस?"

दोन आठवडे, म्हटलं.

"दोन आठवडे रोज शिजवलंस." मग जरा हळू, "वाईट वाटून घेऊ नको. आमच्याकडे ठोकठोक फार असते."

२१ मार्च, गुरुवार

पट्टी काढली. ओडी बंद केली. गाडी चढली, कण्हत, पण चढली. बर्फ वेळेत.

मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे खाली येऊन गियरबॉक्सचं ऑइल मोजायची सळई काढून बघितली. लाल असायला हवं. उकळून उकळून काळा झालेल्या चहासारखं होतं. फोनवर रंग सांगितला. त्यानं विचारलं, "वास?" मी म्हटलं, तोच. तो म्हणाला, ऑइल बदल, ते गाळायची जाळी बदल, मग देवाच्या हातात. मोठेच टायर ठेवायचे असतील तर मागच्या धुऱ्यातले दातेही बदलावे लागतील, म्हणजे पायरी पुन्हा बुटकी होईल. "नाहीतर सरळ जुने टायर घाल. आणि तुझ्या आत्याला मी काही सांगणार नाही. तूच सांग."

जुने टायर घातले. गाडी पुन्हा कारकून.

२२ मार्च, शुक्रवार

आत्याला सगळं सांगितलं. टायर, वास, ओडी, आठ टोपल्या. मी थांबले तेव्हा म्हणाली, "बरं." आणि ठेवून दिला.

आमच्या घरात 'बरं' किती प्रकारचं असतं हे बाहेरच्यांना कळायचं नाही. 'बरं' म्हणजे ठीक. 'बरं' म्हणजे बघते तुला. 'बरं' म्हणजे अपेक्षाच नव्हती. बाबा एकदाच 'बरं' म्हणाले होते — दोन वर्षांपूर्वी, मी घर सोडते म्हटलं तेव्हा. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. तीस वर्षं बस चालवली त्यांनी, आता निवृत्त. ऑटोमॅटिक गाडीला ते गाडी म्हणत नाहीत, खुर्ची म्हणतात. आत्याशी, सख्ख्या बहिणीशी, त्यावरून वर्षानुवर्षं भांडण.

आत्याचं कुठलं 'बरं' होतं, दिवसभर शोधतेय.

२३ मार्च, शनिवार

पिशवी भरली. यात मी तरबेज आहे. सहा मिनिटं लागतात. अकराच्या अकरा वेळा कुणी जा म्हणायच्या आत निघालेय मी. जा म्हटलेलं ऐकायची सवयच नाही. उद्या पहाटेची बस आहे. किल्ली काकांच्या टेबलावर ठेवायची, चिठ्ठी लिहायची, संपलं. चिठ्ठी लिहायला घेतली तर शेजारच्या खोलीत कुणी तबकडीवर एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होतं, ते ऐकत बसले.

मग काका दारात. "उद्याच्या लाद्या जास्तीच्या लागणारेत. बुधवारी त्यांची मासळी गेली ना, आज दुप्पट जाळी घेऊन पाण्यात उतरलेत ते. काटेबाईचा निरोप आहे — सहाला निघ म्हणावं तिला, जरा लवकर."

तिला, म्हणे. कारखान्यात अजून दोन ड्रायव्हर आहेत.

पिशवी भरलेलीच आहे. फेरी करूनही जाता येईल. बस काय, परवाही असते.

२४ मार्च, रविवार, सकाळ

काका सगळी गल्ली जागी करत हाका मारत आले — "गाडीपाशी कुणी आलंय बघ!" आता बॉनेटवर वही ठेवून लिहितेय.

बाबा आलेत. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेत, बाराशे पानांच्या पोथीसारख्या गंभीर चेहऱ्यानं. आत्यानं पाठवलंय. तिची चिठ्ठी माझ्या हातात दिली, एकच ओळ: 'पोरगी पळाली असेल तर बर्फ तू ने, थांबली असेल तर गाडी तिची, तू शेजारी बसून शीक.'

मी चिठ्ठी वाचतेय आणि बाबांचा डावा पाय खाली अंधारात काहीतरी चाचपडतोय. दोन वर्षांनी माझ्याशी पहिलं बोलले ते एवढंच —

"क्लच कुठंय गं?"