थायमसशेजारचे दोन दाणे

खॉनकेन, सोमवार

प्रिय पानिदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नसशील, तर आधीच सांगते, तुला प्रयोगशाळेत परत बोलवायला मी लिहीत नाहीये. नऊ वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम एवढं लांबलचक! तुझ्या जागी मी असते तर आधी शेवटचं पान उलटून बघितलं असतं. तू तसं करायची नाहीस. तुला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून, क्रमानं, सावकाश करायची सवय. त्या सवयीवरून मी तुला काय काय बोलले होते, ते तुला आठवत असेलच.

सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. पेशी मोजायचं यंत्र पाच आठवडे बंद होतं. बँकॉकहून दुरुस्तीवाला 'उद्या येतो, बाई' म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही. शेवटी आला, दहा मिनिटं आत डोकावला आणि मलाच म्हणाला, "तुमच्याकडे धूळ फार आहे." मी म्हटलं, बाबा रे, मार्च महिन्यात इसानच्या कोरड्या मुलखात धूळ नाही तर काय बर्फ असणार? उंदीरघराचे बुनसोमकाका अजून आहेत. केस पांढरे झाले, जीभ तीच. परवा मी पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरून आरडाओरडा करत होते तर म्हणाले, "बाई, जरा हळू. माझ्या उंदरिणी पिल्लं खातात घाबरल्या की." सगळे हसले आणि मलाही हसावंच लागलं.

खरी चीड यंत्राची नाही. जानेवारीत जपानच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. फार नम्र.  त्यांनी आमचा प्रयोग तीनदा करून बघितला आणि तीनदाही त्यांना काही मिळालं नाही. 'आमच्या हातून काय राहून जातंय, ते कृपया सांगाल का?' मी तावातावानं चार पानी उत्तर लिहिलं. तुमचे उंदीर वयस्क, तुमची रसायनं वेगळी, तुमचं अमुक, तुमचं तमुक. पाठवूनही दिलं. तो कागद आता आठवला की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

तुझ्या शाळेतल्या पोरांना तू टी पेशी कशा शिकवतेस कोण जाणे. मी अजून तशीच सांगते. हाडांतल्या मज्जेतून कोवळ्या पेशी छातीतल्या थायमसमध्ये येतात, तिथे त्यांची परीक्षा होते. परक्याला ओळखता आलं पाहिजे आणि आपल्या माणसाला हात लावता कामा नये. शंभरातल्या दोन-चार पास होतात, बाकीच्या तिथेच मरतात. पास झालेल्या बाहेर पडतात आणि अंगभर राखणीला जातात. आमचा शोध असा, की एक जनुक काढून टाकलं की ही परीक्षा ढिली पडते आणि थायमसमध्ये पास झालेल्या पेशी दुपटीनं दिसतात. त्या एका वाक्यावर मी नऊ वर्षं जगले, पानिदा. परिषदा, बढती, अनुदान, सगळं त्या 'दुपटी'वर. आणि ती दुप्पट खोटी निघाली तर त्याच कामावर पीएचडी करणाऱ्या दोन मुलींचं काय, हा प्रश्न जानेवारीपासून माझी पाठ सोडत नाही.

तुला कधीच दुप्पट मिळाली नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत तू साठ उंदीर केलेस आणि साठांत फरक शून्य. माझ्या हातांना फरक मिळायचा, तुझ्या हातांना नाही. मी थायमस दोन मिनिटांत काढायची आणि त्याचा मला केवढा तोरा होता! पाहुणे आले की मी मुद्दाम करून दाखवायची. तू सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमटा घेऊन बारा-बारा मिनिटं कोरत बसायचीस. गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी म्हणाले, "पानिदा, तुझ्या हाताला वेग नाही आणि डोक्याला घाई नाही. तोवर पेशी मरून जातात, मग फरक कुठून दिसणार? सोमतामच्या कोशिंबिरीला पपई किसतेयस का तू?" सगळे हसले. तूही हसलीस. मला वाटलं, चला, मनावर घेतलं नाही पोरीनं.

मग लेख तयार झाला, त्यात तुझं चौथं नाव होतं आणि तू माझ्या खोलीत येऊन, हात जोडून, खाली बघत म्हणालीस, "बाई, माझं नाव नको. मला जे दिसलं नाही, त्याखाली मी सही कशी करू?" मी तुला कृतघ्न म्हणाले. याहून वाईटही बोलले, आणि तुझं नाव खोडून टाकलं. महिन्याभरानं तू लोए गावी आईकडे निघून गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिला संशोधन झेपलं नाही.

गेल्या महिन्यात प्राण्यांसाठीचं पुण्यकर्म झालं. ते अजून तसंच होतं. उंदीरघरामागच्या दगडापुढे फुलं, चिकट भाताच्या टोपल्या, पाच भिक्षू, आणि प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रमुखानं उभं राहून किती जीव घेतले, कशासाठी घेतले ते वाचायचं आणि त्यांची क्षमा मागायची. यंदा मला या प्रकल्पाचा पहिल्यापासूनचा आकडा वाचायचा होता. एक हजार एकशे सेहेचाळीस. पुढचं वाक्य मी दरवर्षी घडाघडा म्हणते, 'तुमच्या जिवातून मिळालेलं ज्ञान माणसांच्या उपयोगी पडो.' यंदा ते तोंडातून फुटेना. भिक्षू थांबले, सगळे थांबले. मी खोकल्याचं सोंग केलं आणि कसंबसं पुटपुटून खाली बसले. नंतर भात वाटताना बुनसोमकाकांनी हळूच विचारलं, "बाई, त्या एवढ्या सगळ्यांनी काय दिलं हो शेवटी? मी खाऊ घातलं त्यांना, म्हणून विचारतो." मी त्यांच्यावर खेकसले. म्हातारा टोपली उचलून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. खरं सांगते, तुझी चूक शोधायलाच उघडलं. तुझी हिरवी वही, तिसरं वर्ष. पान उलटलं तर उंदराच्या छातीचं पेन्सिलीचं चित्र. थायमसचे दोन पांढरे तुकडे, आणि शेजारी, दोन्ही कडांना चिकटलेले, तिळाएवढे दोन दाणे. त्यांच्याकडे बाण काढून तू लिहिलं होतंस, 'या लसिकागाठी. थायमसच्या नाहीत. आधी काढून वेगळ्या ठेवल्या. जनुक काढलेल्या उंदरांत या फुगलेल्या दिसतात.' प्रत्येक उंदरापुढे तेच. काढल्या. काढल्या. काढल्या.

 दुपारी बुनसोमकाकांची माफी मागायला गेले तेव्हा त्यांना समजावलं, की ताप आला की काखेत अवधाण येतं ना, त्या जातीची गाठ ती. तिच्यात पास होऊन बाहेर पडलेल्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. दोन मिनिटांत थायमस उपटणाऱ्या बाईच्या चिमट्यात ती गाठही येणार, आणि बाई ते सगळं एकाच नळीत घालून मोजणार; जनुक काढलेल्या उंदरांत ती फुगलेली, म्हणून तिथेच आकडा वाढणार. "म्हणजे शाळा सोडून गेलेली पोरं तुम्ही वर्गात मोजलीत," काका म्हणाले. विद्यापीठात इतकी वर्षं काढून मला हे इतकं सोपं सांगता आलं नसतं.

यंत्र सुरू झाल्यावर मी स्वतः बसले. चष्मा लावून, सूक्ष्मदर्शकाखाली, एका उंदराला वीस मिनिटं. सोळा उंदीर, आठ जनुक काढलेले आणि आठ साधे. गाठी वेगळ्या बशीत. फरक शून्य. मग त्याच गाठी परत मिसळून मोजल्या. दुप्पट! विभागप्रमुखांना सांगितलं तर ते दार लावून म्हणाले, "ओराथायबाई, दोन वर्षांनी निवृत्त व्हाल. कशाला उकरून काढता? कोणाचं काय अडलंय?" मला इतका संताप आला, आणि तो निम्मा त्यांच्यावर नव्हताच. त्या दोन मुलींना मी समोर बसवून सगळं सांगितलं. एक रडली. दुसरी म्हणाली, "बाई, मग फुगलेल्या गाठींवर काम करू. त्या तर खऱ्या आहेत ना?" अनुदान बहुतेक जाईल. मुली राहतील असं वाटतं.

आता तू शेवटच्या पानावर आलीस. लेख मागे घ्यायचं पत्र मी लिहिलंय. त्यावर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात, आणि एकेकाचं नाव लिहिताना चौथ्या जागी माझा हात थांबला. तुझी सही मला मागता येत नाही, कारण तू ती दिलीच नव्हतीस. मला दुसरंच काही मागायचंय. तुझ्या वहीचं ते चित्राचं पान मला त्या पत्राला जोडायचंय, वर तुझं पूर्ण नाव घालून, म्हणजे हे आधी कोणी पाहिलं होतं ते जगाला कळेल. पण त्या पानावर एक गोष्ट आहे, जी तुला माहीत आहे आणि मी साफ विसरले होते. तुझ्या बाणाखाली, लाल शाईनं, माझ्या अक्षरात लिहिलंय, 'नको त्या गोष्टी कोरत बसू नकोस. वेळ वाया जातो.' मुली म्हणाल्या, तेवढं झाकून प्रत काढता येईल. मी नाही म्हटलं. तू हो म्हणालीस तर ते पान आहे तसं, लाल शाईसकट जाईल.

तू 'बाई' म्हणायचीस तीच,
तुझी
ओराथाय