टिल्लीचा मास्क: नमुना क्रमांक एक ते चार

३ नोव्हेंबर, सोमवार

प्रॅक्टिसमध्ये आमच्या लेकीच्या, टिल्लीच्या गालावर बॉल बसला. शाळेच्या टीमची पिचर असल्याचं हे बक्षीस. हिने टाकायचा आणि समोरच्या पोरीने तो दामटून हिच्याच तोंडावर परत पाठवायचा. गाल टम्म सुजलाय, डोळा थोडक्यात वाचला. याला सॉफ्टबॉल म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने तो हातात घेऊन पाहिला नसावा. कोच मॅडमचा निरोप आलाय की यापुढे तोंडावर तारेचा मास्क असल्याशिवाय एकाही मुलीला पिचिंग करता येणार नाही.

तासभर बर्फ धरून बसलो होतो. बारा वर्षांची पोर, आणि त्या गालाकडे बघवत नव्हतं. घाबरलो होतो, इथे लिहायला हरकत नाही. बाहेर म्हणालो, एवढं काही झालेलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मेहुण्याने बाजारातल्या मास्कचा फोटो पाठवला. म्हणे सांगा, आजच आणून देतो. फोटो मोठा करून पाहिला. वेल्डिंगच्या गाठी कच्च्या. मी एकोणीस वर्षं टेबल फॅन करणाऱ्या कारखान्यात जाळी सेक्शन सांभाळतोय. तारेची जाळी म्हणजे काय हे आता मेहुणा मला शिकवणार! मास्क म्हणजे शेवटी तोंडाची जाळी. फॅनला धोका आतून असतो, इथे बाहेरून, एवढाच फरक.

जाहीर करून टाकलं, मास्क मी करणार. फार तर दोन संध्याकाळींचं काम. टिल्ली म्हणाली, बरं. बायकोने भांडी जरा जोरात ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार

मापं घेतली. कपाळ, गालफडं, हनुवटी. टिल्ली शहाण्यासारखी बसली. मध्येच म्हणाली, बाबा, आज मॅच आहे, येतोस? म्हटलं, मास्क नाही म्हणजे तू बाकावर बसणार, मग मी येऊन बाक बघू? आधी मास्क, मग मॅच. रिकाम्या हाताने ग्राउंडवर जाणाऱ्यातला मी नाही.

मायलेकी गेल्या. निघताना बायको दारातून सांगत होती की मेहुण्याने पिशवीतून काहीतरी आणून दिलंय. तिच्या माहेरून कायम काही ना काही येतच असतं. मी ड्रॉइंगमध्ये होतो. हूं म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नमुना क्रमांक एक. शिफ्ट संपल्यावर वेल्डरला थांबवून घेतलं. त्याला घरी जायचं होतं. मलाही होतं, पण मी तसं दाखवलं नाही. गोल कड्या एकात एक, आडव्या काड्या, बोट आत जाणार नाही इतकी गॅप. फॅनच्या नियमात चोख बसतो.

टिल्लीने घातला आणि तिचे डोळे तिरळे झाले. जाळीच्या मध्यभागी गोल चकती येते, ती नेमकी नाकाच्या शेंड्यावर आली. चकती काढता येणार नाही, सगळ्या काड्या तिथेच येऊन मिळतात. टिल्लीला म्हटलं, चकतीच्या भोवतालून बघायची सवय होते. तिने दोन मिनिटं प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि टेबलाला धडकली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नमुना क्रमांक एक दुधाच्या पातेल्यावर झाकलेला आढळला. बायको म्हणते, मांजर तोंड घालत नाही. म्हणजे संरक्षणाचं तत्त्व बरोबर होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाठ धरलीय. कारखान्यात नवीन ऑर्डर, सेक्शनमध्ये दोन माणसं रजेवर, वरून साहेबांनी विचारलं की संध्याकाळी वेल्डिंग मशीन कशासाठी चालू असतं. ट्रायल, असं सांगितलं. कसली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरी आलो तर टिल्ली झोपलेली. गुडघे मातीने माखलेले. बाकसुद्धा पुसून देत नाहीत वाटतं त्या शाळेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

नमुना क्रमांक दोन. चकती नाही, जाड तार, फक्त आडव्या पट्ट्या. ट्रक अंगावरून गेला तरी वाकणार नाही. टिल्लीने घातला आणि हनुवटी छातीला लागली. वर बघ म्हटलं, तर म्हणाली, बघतेय बाबा. वजन थोडं जास्त आहे हे मान्य. पण खेळाडूची मान मजबूत हवीच. तिला मानेचे व्यायाम लिहून दिले.

आजही मॅचला चल म्हणत होती. म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की, मास्क घेऊनच येतो. मेहुणा न्यायला आला होता. त्याला काय, रविवार मोकळाच असतो.

३० नोव्हेंबर, रविवार

पुढचा रविवार हाच. जाणं झालं नाही. नमुना क्रमांक तीनच्या बिजागऱ्या बसवायच्या होत्या. पाणी पिताना मास्क काढावा लागू नये म्हणून पुढचा भाग दारासारखा उघडतो. बाजारातल्या मास्कमध्ये ही सोय आहे का? नाही.

टिल्ली संध्याकाळी आली ती खुशीत. कपाळावर आणि हनुवटीवर लाल वळ. बाकासमोरच्या कठड्यावर डोकं टेकून बसत असणार. वाईट वाटलं. इतक्या दिवसांत एकदाही कुरकुर नाही पोरीची. आणि एवढ्यावर न थांबता मला सूचना करते: हनुवटीपाशी आडवी तार नको, खाली आलेला बॉल दिसत नाही, घाम आला की कपाळाचा फोम सरकतो, तिथे मागून ताण हवा. एकदाही मास्क घालून न खेळता नुसत्या कल्पनेने इतकं बारीक सांगते! माझ्यावर गेलीय.

६ डिसेंबर, शनिवार

नमुना क्रमांक तीनची चाचणी. मास्क गॅलरीच्या दाराला टांगला, पाच पावलांवरून बॉल मारला. बॉल मास्कवर बसला आणि आला तसा परत आला. वरचा ओठ फुटला. एक दात हलतोय असं वाटतं, पण तो आधीही हलत असावा.

निष्कर्ष: मास्कला काहीही झालं नाही. चाचणी यशस्वी.

बायकोने बर्फ दिला. म्हणाली, कशासाठी चाललंय हे सगळं, आता तरी पुरे करा, तिच्याकडे आहे. हो, आहे तिच्याकडे चिकाटी, ते मीही बघतोय. म्हणून तर तिच्यासाठी एवढं करायचं. ओठ सुजल्यामुळे हे सगळं नीट बोलता आलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

ओठ. कुठेही गेलो नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

मेहुण्याचा फोन. अभिनंदन म्हणे, पोरीने रविवारी चौघींना सलग आऊट केलं. त्याला बहुतेक दुसरीच कोणीतरी मुलगी दिसली असेल, चष्म्याचा नंबर वाढलाय त्याचा. मी त्याला दुखावलं नाही. म्हटलं, वा.

बिजागरी रद्द. पळताना दार आपोआप उघडतं आणि मिटताना नाक चिमटतं. टिल्लीच्या नाकाला फुंकर घातली. ती हसत होती. नाकाचा विषय निघाला म्हणून मी तिला सांगत बसलो, शाळेत असताना मला सगळे पोपट म्हणायचे. जेवण गार झालं.

१७ डिसेंबर, बुधवार

नमुना क्रमांक चार. हाच तो. बारीक पण कडक तार, हनुवटी मोकळी, डोळ्यांसमोर रुंद फट, आतून फोम, मागे दुहेरी पट्टा. वेल्डरने स्वतःहून गाठी घासून दिल्या. लवकर सुटका व्हावी म्हणूनही असेल. गाठींवरून बोट फिरवलं, कुठे टोचत नाही. कारखान्यातल्या क्रीम रंगात कोटिंग करून घेतलं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून इतकी देखणी वस्तू झाली नव्हती.

शनिवारी फायनल आहे. घरी काही सांगितलेलं नाही. थेट ग्राउंडवर जाऊन तिच्या हातात देणार. दीड महिना बाकावर काढलेली पोर फायनलला मैदानात उतरणार.

२० डिसेंबर, शनिवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. ग्राउंड सापडायला वेळ लागला. शाळेच्या मागे आहे हे माहीत होतं, पण कोणत्या गेटने जायचं ते माहीत नव्हतं. पोचलो तेव्हा मॅच अर्ध्यावर आली होती.

बाक पाहिला. बाकावर टिल्ली नव्हती. दोन वेळा पाहिला.

मग मैदानाकडे पाहिलं. मधोमध टिल्ली उभी. तोंडावर निळा मास्क. हात मागे नेला, गोल फिरवला, बॉल सोडला, आणि समोरच्या धिप्पाड पोरीने तो सरळ तिच्या तोंडावर परत हाणला. टण्ण असा आवाज झाला. टिल्लीने डोकं झटकलं, पायाशी पडलेला बॉल उचलला, पहिल्या बेसवर फेकला. आऊट. सगळ्या पोरी ओरडल्या. तो मास्क मी ओळखला. फोटोतला, कच्च्या गाठींचा. त्याला काहीही झालं नव्हतं. तिलाही नाही.

मी केव्हा दोरी ओलांडून आत गेलो कळलं नाही. कोच मॅडम धावत आल्या. माझ्या हातात पाहून म्हणाल्या, फॅनची जाळी स्टाफरूममध्ये द्या, इथे मॅच चालू आहे. म्हटलं, मी पिचरचा बाप. त्या जरा गोंधळल्या. म्हणाल्या, पण तिचे ते असतात ना, सगळ्या मॅचला येतात ते? आणि पलीकडे बोट दाखवलं. तिथे मेहुणा उभा होता. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात टिल्लीचा स्वेटर.

मी म्हटलं, तो मामा.

२१ डिसेंबर, रविवार

जिंकल्या म्हणे. शेवटपर्यंत होतो, पण दोरीच्या मागून नीट दिसलं नाही.

बायकोला विचारलं, मला सांगितलं का नाही. म्हणाली, सांगितलं. पहिल्याच रविवारी मास्क आला तेव्हा सांगितलं, तुमचा ओठ फुटला तेव्हा सांगितलं. तुम्ही हूं म्हणालात. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नमुना क्रमांक चार टिल्लीने आज घालून पाहिला. छान बसतो म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, बाबा, पण हा माझ्या आत्ताच्या मापाचा आहे, पुढच्या वर्षी लहान होईल. विचारलं, तुझ्याकडे मास्क होता तर दर वेळी मापं द्यायला का बसायचीस? म्हणाली, तेवढाच वेळ तू घरात एका जागी बसतोस. गोष्टी पण सांगतोस.

म्हटलं, उद्यापासून शिफ्ट बदलून घेतो, प्रॅक्टिस किती वाजता असते?

म्हणाली, सीझन संपला बाबा. काल शेवटची मॅच होती.