बोनान्झाचा अर्थ

यवतमाळ,
१० ऑक्टोबर २०१७

चि. क्षितिज,
अनेक आशीर्वाद. माझं ब्लडप्रेशर ठीक आहे, तुझ्या बाबांचा गुडघा ठीक नाही. तुझ्या स्पृहाचा पहिला दात पडला का, ते कळव.

डीलरांच्या मेळाव्यात तुला 'बोनान्झा' या शब्दावर चार चटकदार वाक्यं बोलायची आहेत, म्हणून अर्थ आणि उगम सांग, असं तू फोनवर म्हणालास. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते.

शब्द स्पॅनिश, खलाशांचा. बोनान्झा म्हणजे वारा पडलेला, शांत समुद्र. चांगलं हवामान. पुढे खाणीत चांदीची भरघोस शीर लागली की तिलाही बोनान्झा म्हणू लागले, आणि तिथून तो इंग्रजीत आला. फवारणीच्या औषधाच्या जास्त बाटल्या खपवणाऱ्याला बँकॉकची सहल, हा अर्थ तुमच्या कंपनीचा. खरी गंमत त्याच्या मागे आहे. मूळ लॅटिन शब्द 'मलाकिया', अर्थ शांत समुद्रच. पण त्यातलं 'मल' म्हणजे वाईट, असा लोकांचा समज झाला. त्यांनी ते काढून 'बोन' म्हणजे चांगलं बसवलं. माल तोच, लेबल नवं. हे वाक्य मेळाव्यात घे, टाळ्या पडतील.

घाटंजीकडे यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली आहे. वारा नसला की फवारा झाडांतच कोंडतो. सुनीलने मागच्या मंगळवारी अशाच पडल्या वाऱ्यात फवारणी केली. आपल्याच शेतात. आपला गडी खेमसिंग, त्याचा सुनील, तुला विहिरीत पोहायला शिकवणारा. पाणी लांबून आणावं लागतं, दोन वेळा कोण आणणार? त्याने दोन्ही औषधं एकाच पंपात घातली. संध्याकाळी घरी बायकोला म्हणाला, "दिवा लाव ना संगीता, काहून अंधारात बसली?"

दिवा लागलेलाच होता.

शुक्रवारी सरकारी दवाखान्यात तो वारला. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मी दाताची चौकशी करत बसले.

औषधं विकणारा दुकानदार आता म्हणतो, सुनील प्यायलेला होता, मिसळायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. खेमसिंग दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच घोकत होता, "बाई, आपल्या क्षितिजभाऊनं सांगतलं होतं ना. मंग कायले भ्याव?" संगीताने सासऱ्याला गप्प केलं. "नका बोलू मामाजी. बाईचा भाचा आहे थो."

नवरा नुकताच गेलेला, आणि ती माझी लाज राखत होती!

ऑगस्टमधल्या तुमच्या कंपनीच्या शेतकरी सभेत माईक तुझ्या हातात होता. "काका, दोन्ही मिसळून मारा, एका फेरीत काम फत्ते!" मी पहिल्या रांगेत होते आणि माझे कान अजून शाबूत आहेत. तोंडाला फडकं बांधा, एवढंही तुझ्या तोंडून निघालं नाही. तुझे बाबा म्हणतात, "शीला, पोराची नोकरी जाईल." जाऊ दे. दुसरी मिळेल.

येत्या सोमवारी तहसीलमध्ये चौकशी आहे. दुकानदाराचं खरं धरलं, तर सुनील दारुडा ठरेल आणि संगीताला मदत मिळणार नाही. तू ये. माईकवर जे बोललास, ते तिथे माईकशिवाय बोल.

नाही आलास, तर मी बोलेन. सांगणाऱ्याचं नाव विचारतील, ते सांगेन. तुमचं नातं काय म्हणून विचारतील, तेही सांगेन.

सोमवारी नक्की हजर असणारी,
तुझी शीलाआत्या